बंद न होणारी गाडी

"फोड ती सायलेन्सरातली जाळी," इलाहीचाचा म्हणाले. "छिन्नी घे, हातोडा घे, काय घ्याचं त्ये घे. पर आज सांजच्या आत गाडी पळाया पायजे."

मी ॲम्ब्युलन्सखाली शिरण्यासाठी पोतं अंथरत होते, आणि गाडी चालूच होती.

"आधी गाडी बंद करा, चाचा. चालू गाडीखाली डोकं घालायला मी काय जिवावर उदार झालेय?"

"ऱ्हाऊ दे की चालू. हँडब्रेक वडलाय."

"चाचा."

ते जागचे हलले नाहीत. शेवटी मीच दार उघडून चावी फिरवली. इंजिन थांबलं तसा त्यांचा हात नकळत पुढे आला, जणू मी कुणाच्या नाकावरचा ऑक्सिजनच काढला होता. मग तो हात त्यांनी उगाचच टोपीवर नेला. मला हसू आलं. गावात त्यांची टिंगल व्हायचीच. आंबेरीतली बारकी पोरंसुद्धा सांगायची, की इलाहीची गाडी एकदा सकाळी सुरू झाली की डिझेल संपल्यावरच थांबते.

याला आता काही वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन, सांगलीत एका वर्कशॉपमध्ये तीन वर्षं हात काळे करून मी मामाच्या गॅरेजात परत आले होते. हणमंत मिस्त्री म्हणजे माझा मामा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, तेव्हापासून मी त्याच्याकडेच. आमची वाटणी सरळ होती. लोखंड मामाचं, वायरी माझ्या. ज्या गाडीला लॅपटॉप जोडावा लागतो, तिच्याकडे मामा पाठ करून बसायचा.

इलाही मुलाणी गावच्या ॲम्ब्युलन्सवर पंचवीस वर्षं ड्रायव्हर होते. आधी एक जुनी जीप होती, आता गावानं वर्गणी काढून घेतलेली ही नवी गाडी. कितीही वाजता हाक मारा, माणूस पाचव्या मिनिटाला दारात. मामाचं आणि त्यांचं भांडण नव्हतं. पण चाचा आले की मामाला हटकून काहीतरी काम आठवायचं. त्यांच्यासोबत तो कधी चहाला बसल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीही तो कोपऱ्यात एका ट्रॅक्टरचा पंप खोलून बसला होता आणि मान वर करत नव्हता.

"काय झालं ते नीट सांगा," मी म्हटलं.

"मंगळवारी धोंडीबापूला घिऊन निघालो. छातीत दुखत हुतं. खिंडीच्या चढाला गाडीनं दम टाकला. चाळीसच्या म्होरं जाईना. वैजू, उसाचा ट्रॅक्टर माझ्या फुडं गेला गं! सायरन वाजतोय माझा, आन ट्रॅक्टरवाला हात करतोय, ‘यिऊ दे मागनं.’"

"बापू बरे आहेत ना?"

"बरं हायत. पर बापूचं पोरगं सरपंचाकडं ग्येलं. सरपंच म्हनलं, ‘इलाही, नवी गाडी तुला झेपंना. उद्या धाला गाडी चौकात हुबी कर आन खिंड चढवून दाव. न्हाईतर चावी दुसऱ्याकडं.’" त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "पंचवीस वर्सं केलंय मी ह्ये. असं चावी काडून घेतल्यावर गावात त्वांड कसं दावू?"

मी आत बसले. मीटरवर एका जागी पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, जखमेवर कापूस धरायला लावतात तसली. मी ती सोलली. खाली दिव्याची जागा होती. चावी अर्धी फिरवली, तर पिवळा दिवा लागला.

"हा कधीपासून लागतोय?"

"दिवाळीपास्नं. रातचा डोळ्यावर येतुया. म्हनून पट्टी लावली."

"चाचा, पेशंट कण्हायला लागला की त्याच्या तोंडाला पट्टी लावता का?"

ते ओशाळले. मग आपली बाजू सावरायला म्हणाले, "पर हिंजन लई झ्याक हाय बरं का. ऑइल एक थेंब खात न्हाई. उलट वाडतंय!"

"वाढतंय म्हणजे?"

"दर जुम्म्याला बगतो की मी. सर्व्हिशिंग केली तवा काडीवर मधल्या खुणंला हुतं. आता वरच्या खुणंच्या बी वर आलंय. अल्लाची मेहरबानी."

बॉनेट उघडून मी ऑइलची काडी बाहेर ओढली. खरोखरच तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि पाण्यासारखं पातळ झालं होतं. मी काडी त्यांच्या नाकाशी धरली.

"कसला वास येतोय?"

त्यांनी दोनदा हुंगलं. "डिझेल?"

"डिझेल. तेल वाढत नव्हतं, चाचा. तेलात डिझेल उतरत होतं. अजून महिनाभर अशीच चालली असती, तर इंजिन आतून खरवडून निघालं असतं."

ते स्टुलावर बसले. मी त्यांना कामाच्या फळीवर खडूनं काढून दाखवलं. धूर सायलेन्सरकडे जाताना वाटेत एक डबा लागतो. त्याच्या आत भाजलेल्या मातीची बारीक बारीक नळकांडी असतात, शेजारच्या शेजारी, एक या टोकाला बुजवलेलं तर दुसरं त्या टोकाला. धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं, आणि काजळी मागे अडकते.

"मग तुंबनारच की!"

"म्हणून ती जाळावी लागते. गाडी रस्त्यावर सलग पळाली, डबा चांगला तापला, की आतली काजळी जळून जाते. चिमूटभर राख उरते, बस्स. डबा पुरेसा तापत नसेल तर गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडते आणि त्याला तापवते. त्याला वीसेक मिनिटं लागतात. आता मला सांगा, आंबेरी ते तालुक्याचा दवाखाना किती मिनिटं?"

"माझ्या हातात गाडी आसल तर पंधरा."

"आणि तिथं पोचल्यावर?"

त्यांनी नजर गाडीकडे वळवली.

"तिथं तास-दोन तास गाडी नुसती उभी, चालू ठेवून. म्हणजे चुलीत ओली लाकडं घालून फुंकर न मारता बसल्यासारखं. जाळ नाही, नुसता धूर. डबा काजळीनं भरत जातो. परत निघालात की गाडी पुन्हा जाळायला घेते, डिझेल सोडते, की तुम्ही पुन्हा पोचता. ते न जळालेलं डिझेल जातं कुठं? खाली तेलात. शेवटी डबा इतका तुंबला, की गाडीनं स्वतःला वाचवायला वेग कमी केला."

"म्हनूनच म्हनतोय, फोड. तालुक्यात एकजन डबा कापून आतलं सगळं काडतो आन वरनं पुन्ना वेल्डिंग मारतो. कुनाला कळत बी न्हाई."

"गाडीला कळतं. डब्याच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजायला नळ्या आहेत. आत काही नाही म्हटल्यावर ती पुन्हा बोंबलणार. मग तिला खोटं सांगायला आतला प्रोग्राम बदलायचा. तो अर्धवट बदलला, तर ती रिकाम्या डब्यात डिझेल सोडत बसणार आणि तुमचं तेल वाढतच राहणार. पासिंगला नापास होणार ते वेगळंच. आणि सगळा काळा धूर मागं येणार. तुमच्या मागच्या दाराचं रबर फाटलंय, मी बघितलंय. आत दम्याचा माणूस झोपवणार ना तुम्ही?"

"एवड्या डाव, पोरी. उद्याच्यापुरतं."

"नाही."

"माजी चावी जाईल."

"जाऊ द्या. मी फोडणार नाही."

आवाज माझाच होता, पण मलाच तो लागला. समोर बसलेल्या माणसानं लहानपणी मला जत्रेतून शिट्टी आणून दिली होती. मला दया येत होती आणि रागही. राग जास्त होता. म्हणून मी विचारलं, "तुम्ही एक साधी गोष्ट का करत नाही? दवाखान्यात पोचल्यावर गाडी बंद का करत नाही? गारव्यासाठी? की रुबाब म्हणून?"

कोपऱ्यातला पान्याचा आवाज थांबला.

इलाहीचाचांनी बंद गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "बंद केलीती एकदा."

"कधी?" मी विचारलं.

"जीप हुती तवा. बाळंतीन बाई हुती. तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डाक्टर म्हनलं, हितं जमायचं न्हाई, मिरजंला न्या. चिठ्ठी लिवायला पाच मिंटं लागनार हुती. म्हनलं, डिझेल गावाचं हाय, कशाला जाळा. म्हनून गाडी बंद केली." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाईला आत घेतली. चावी फिरवून सेल मारला. सेल घेईना. पुन्ना मारला. नुसती टिकटिक. लोकं गोळा केली, धक्का मारला. दवाखान्याम्होरं चढ. अर्धा तास ग्येला. कशीबशी चालू झाली. मिरज चार मैल ऱ्हायलं आन बाई ग्येली. पॉर बी ग्येलं."

"चाचा..."

"तवापास्नं ड्युटीवर आसताना मी गाडी बंद केली न्हाई. चावी खिशात घातली न्हाई. बावीस वर्सं झाली."

बावीस वर्षं म्हटल्यावर मी मनात हिशेब केला. माझी आई बाळंतपणात गेली, मिरजेच्या वाटेवर. एवढंच मला माहीत होतं. गाडी बंद पडल्याचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"ती माझी आई होती," मी म्हटलं. विचारलं नाही. त्यांचा चेहराच सांगत होता.

"मला वाटलं, तुला मिस्त्रीनं सांगितलं आसल. तू मला चाचा म्हनायचीस, तवा मला वाटायचं, पोरीचं मन केवडं मोटं."

तेवढ्यात मामा उठला. त्यानं चिंध्यांना हात पुसले, कपाट उघडलं आणि सर्वांत वरच्या फळीवरचा बारका पुठ्ठ्याचा खोका काढला. त्या खोक्याला हात लावायचा नाही, असा मला लहानपणापासून दंडक होता. मी समजायचे, त्यात कसला तरी जपून ठेवलेला सुटा भाग असेल. तो खोका त्यानं कामाच्या फळीवर, माझ्या खडूच्या चित्रावर आणून ठेवला.

"इलाही," मामा म्हणाला, "उघड."

चाचांनी उघडला. आत चार कार्बन होते, स्टार्टरच्या मोटारीला वीज पोचवणारे बारके ठोकळे. कोरे. कागदातून बाहेरही काढले नव्हते.

"त्या आदल्या आटवड्यात तू जीप हितं आनलीतीस," मामा म्हणाला. तो आमच्याकडे बघत नव्हता. "सेलचं कार्बन झिजलं हुतं. सांगलीस्नं यायला दोन दिस लागनार हुतं. तू म्हनलास, दोन दिस गाडी हुबी ऱ्हाऊन चालायची न्हाई. मी इहिरीवरच्या पान्याच्या मोटारीचं जुनं कार्बन कानशीनं घासलं आन बसवलं. त्येला येवडा करंट वडायची ताकद नसती, मला ठावं हुतं. म्हनलं, नवं आलं की बदलू, चार दिसाचा तर परश्न."

"मिस्त्री..."

"नवं आलं. ह्ये बग, त्येच हायत. तू आला न्हाईस, मी बी बोलावलं न्हाई. आन मग आक्का..." त्याचा आवाज फुटला. "तू गाडी बंद केलीस म्हनून न्हाई ग्येली ती. म्या घासलेल्या कार्बनानं ग्येली."

बाहेर एक म्हैस रस्ता अडवून उभी होती आणि कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"बावीस वर्सं," इलाहीचाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण मला भीती वाटली. "बावीस वर्सं मी गाडी बंद केली न्हाई. रोज तुज्या दारावरनं ग्येलो. आन तू बघत हुतास?"

"व्हय."

"एक डाव सांगितलं आसतंस तर?"

"धीर झाला न्हाई."

चाचा उठून बाहेर गेले आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मामा तसाच उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो मला बुटका वाटला. मला त्याचा इतका राग आला, की हातातला खडू मी चिरडला. ज्या माणसानं मला वेणी घालायला शिकून घेतलं, शाळेच्या कागदांवर आईच्या रकान्यात दर वर्षी तिचं नाव लिहिलं, त्याच माणसावर मी ओरडणार होते. पण माझं लक्ष ॲम्ब्युलन्सकडे गेलं. ती उघड्या बॉनेटनं उभी होती, आणि आंबेरीत दुसरी गाडी नव्हती. त्या दुपारी कुणाच्या छातीत दुखलं असतं, तर?

"मामा," मी म्हटलं, "नवं ऑइल काढ. आणि ऑइलचा फिल्टर. चाचा! आत या. उद्या दहाला गाडी चौकात पाहिजे ना?"

दोघंही आले. एकमेकांकडे न बघता आले, पण आले.

पातळ झालेलं तेल आम्ही आधी खाली सोडलं. मामानं ते बोटांत चोळून बघितलं आणि मान हलवली. नवं तेल भरलं, फिल्टर बदलला. मी लॅपटॉप जोडून काजळीचा आकडा बघितला. सत्त्याऐंशी. मर्यादेच्या जरा आत. पलीकडे गेला असता, तर उभ्या गाडीवर जाळायचा धोका मी पत्करला नसता, डबा काढून तो साफ करायला पाठवावा लागला असता.

"आता गाडी इथंच तिची काजळी जाळणार," मी सांगितलं. "डबा लाल होईपर्यंत तापेल. खाली वाळलेलं काही नको."

समोरच्या अंगणात कुणीतरी टाकलेलं उसाचं पाचट पसरलं होतं. मी सांगायच्या आत मामानं खराटा घेतला आणि दहा-दहा पावलं लांबपर्यंत जमीन झाडून काढली. मग दोन बादल्या वाळू आणून ठेवली. एरवी वायरींच्या कामाकडे पाठ करणारा माणूस त्या दिवशी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून करत होता.

मी सुरू केलं. इंजिनानं आपसूक आवाज चढवला. सायलेन्सरमधून आधी उग्र वास आला, मग नुसती गरम हवा. चाचा लॅपटॉपसमोर उभे राहून आकडा बघत होते. पेशंटच्या मॉनिटरकडे बघायची त्यांना सवय होती, तसंच.

"ऐंशी... पंच्याहत्तर... वैजू, थांबला की!"

"थांबला नाही. श्वास घेतोय. बघा."

साठ. एक्केचाळीस. तेवीस. पस्तीस मिनिटांनी आकडा सहावर आला आणि इंजिनाचा आवाज खाली बसला. पिवळा दिवा विझला होता. चाचांनी पट्टीच्या जागी बोट फिरवलं.

"आता यापुढं," मी म्हटलं, "दिवा लागला की लपवायचा नाही. आठवड्यातून एकदा मोकळी गाडी मिरज रस्त्याला साठच्या वेगानं अर्धा तास न थांबता पळवायची. आणि थांबलात की बंद करायची."

पहिल्या दोन गोष्टींना त्यांनी मान डोलावली. तिसरीला नाही.

मी बॅटरीची टोकं घासून घट्ट केली, मीटर लावून तिची ताकद दाखवली. मग चाचांसमोर स्टार्टर दहा वेळा मारला. दहाही वेळा गाडी चालू झाली. त्यांनी मोजलं, पण चेहरा तसाच राहिला.

"चला, खिंड चढवून बघू," मी म्हटलं.

चाचांनी स्टिअरिंग धरलं, मी शेजारी बसले. गाडी हलणार, तेवढ्यात त्यांनी खिडकीतून डोकं काढलं.

"मिस्त्री. बस मागं."

मामा स्ट्रेचरशेजारच्या बाकावर येऊन बसला. मी आरशातून बघितलं. त्यानं रिकाम्या स्ट्रेचरवर हात ठेवला होता आणि तो वाटभर काढला नाही.

खिंड गाडीनं अशी चढली, की चाचांनी एकदाही गिअर खाली घेतला नाही. वर पोचल्यावर ते "हां" म्हणाले, एवढंच. मला वाटलं, आता वळवतील. पण ते तसेच पुढे गेले, थेट तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत. फाटकासमोर, कडुलिंबाखाली त्यांनी गाडी उभी केली. समोर चढ होता.

"हितंच," ते म्हणाले.

इंजिन चालू होतं. चाचांचा हात चावीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती. हे माझ्या सांगण्यानं होणारं काम नव्हतं.

मागून मामा म्हणाला, "इलाही, कर बंद. सेल मी बी खोलून बघितलाय आत्ता, वैजू मीटर लावत हुती तवा. कंपनीचंच कार्बन हाय. माज्या हातचं काय बी न्हाई त्यात."

चाचांनी आरशातून त्याच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि चावी फिरवली.

इतकी शांतता झाली, की कडुलिंबावरच्या साळुंख्यांचे आवाज ऐकू आले. चाचांच्या कपाळावर घाम होता. मी माझ्याच मांडीवर नखं रोवून बसले होते. आई इथंच होती, याच चढाखाली, अर्धा तास. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मागे मामाही रडत होता.

थोड्या वेळानं मामा खाली उतरला, समोरच्या गाड्यावरून तीन चहा घेऊन आला आणि त्यातला एक चाचांच्या हातात दिला. चाचांनी ग्लास धरला, पण तो ओठाला लावला नाही. तो तसाच डॅशबोर्डवर ठेवून त्यांनी चावी फिरवली.

पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली.

त्यांनी कान देऊन क्षणभर ऐकलं. मग स्वतःच्या हातानं ती परत बंद केली, चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"बस, मिस्त्री," ते म्हणाले. "च्या निवतोय."